सरकत्या संवेदकपट्टीची प्रतिमा आणि एकराचे शेत

भूपृष्ठाच्या उपग्रहीय प्रतिमेचा रेखीवपणा एकाच आकड्याने सांगण्याची रीत रूढ झाली आहे. ‘ही प्रतिमा साडेतेवीस मीटरांची’, ‘ती पावणेसहा मीटरांची’ असे म्हटले की त्या विषयी अधिक विचारण्याजोगे काही उरले नाही, असे समजले जाते. वस्तुतः हा आकडा एवढेच सांगतो की लगतच्या दोन नमुन्यांमध्ये जमिनीवर किती अंतर आहे. नमुने किती अंतरावर घेतले ही एक गोष्ट आणि प्रत्येक नमुन्यात शेजारच्या जमिनीचा किती प्रकाश मिसळला ही दुसरी. पहिली गोष्ट उपग्रहाची उंची, भिंगाचे नाभीय अंतर आणि संवेदकाच्या घटकांमधील अंतर यांवरून साध्या त्रैराशिकाने निघते. दुसरीचा फार मोठा भाग सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या आत, मिलिमीटरच्या काही सहस्रांश खोलीवर ठरतो, आणि तो प्रकाशाच्या तरंगलांबीप्रमाणे बदलतो. पिकांच्या अभ्यासात ही दुसरी गोष्ट बहुधा गृहीत धरली जाते. आणि नेमकी तेथेच चूक होण्याचा संभव अधिक असतो.

या प्रश्नाची कसोटी पाहण्यास यवतमाळ जिल्ह्यासारखा प्रदेश फार सोयीचा आहे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर. पश्चिमेकडील उमरखेड-पुसदच्या बाजूपासून पूर्वेस वर्धा नदीकाठच्या वणीच्या पलीकडेपर्यंत त्याचा विस्तार सुमारे १९० किलोमीटर आहे. बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. टेकडीच्या उतारावर बरड म्हणून ओळखली जाणारी उथळ, मुरमाड जमीन आणि खाली नाल्याच्या काठी भारी काळी जमीन, अशी जमिनीची जात काही शे मीटरांतच पालटते. खरिपात कापूस, तूर व सोयाबीन ही मुख्य पिके. दोन शेतांच्या मध्ये असतो तो धुरा. त्याची रुंदी मीटर-दोन मीटरांहून क्वचितच अधिक. असा प्रदेश वरून पाहिला असता लहान लहान तुकड्यांच्या गोधडीसारखा दिसतो, आणि गोधडीचे ठिगळ जेवढे लहान तेवढा शिवणीचा भाग त्याच्या मानाने मोठा ठरतो.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एवढे शेत चौरस मानले तर त्याची एक बाजू सुमारे ६३.६ मीटर येते. २३.५ मीटर अंतराने घेतलेल्या नमुन्यांच्या जाळीत या बाजूवर २.७ पिक्सेल बसतात. म्हणजे जाळी शेताला समांतर असली तरी प्रत्येक दिशेस पूर्णपणे शेताच्या आत पडणारे पिक्सेल एक किंवा दोनच. संपूर्ण शेतात असे शुद्ध पिक्सेल एकापासून चारपर्यंत मिळतील. बाकीचे सारे धुऱ्यावर बसलेले, अर्धे या शेताचे आणि अर्धे त्या शेताचे. हा हिशेब प्रतिमा अगदी आदर्श आहे असे धरून केला आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पिक्सेलमध्ये शेजारच्या पिक्सेलांचा प्रकाश थोडाफार झिरपतोच. त्यामुळे ते एक ते चार पिक्सेलही पूर्णतः शुद्ध राहत नाहीत.

याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. २०१६ च्या खरीप हंगामापासून सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत महाराष्ट्रात प्रमुख पिकांच्या नुकसानीचा हिशेब सामान्यतः महसूल मंडळ हा घटक धरून झालेला आहे. मंडळात हजारो हेक्टर जमीन येते आणि एवढ्या क्षेत्राची सरासरी काढताना एका शेताने शेजाऱ्याला दिलेला प्रकाश शेजाऱ्याकडून आलेल्या प्रकाशाने बहुतांशी फिटतो. परंतु मंडळाच्या सरासरीत एकट्या शेतकऱ्याचे नुकसान बुडते ही तक्रार जुनी आहे, आणि त्यावर उपाय म्हणून उपग्रहाने शेतागणिक मोजणी करावी अशी अपेक्षा वारंवार व्यक्त होते. अशा वेळी चित्र पालटते. पावसाने ओढ दिली असता बरडावरची पऱ्हाटी सुकते आणि नाल्याकाठची हिरवी राहते. प्रतिमा धूसर असेल तर हिरव्या शेताचा काही प्रकाश सुकलेल्या शेताच्या आकड्यात मिळतो आणि ज्याचे पीक गेले त्याचे नुकसान मोजमापात कमी भरते. शेत जेवढे लहान तेवढी ही तूट मोठी. म्हणजे धूसरपणाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. तो अल्पभूधारकावर अधिक पडतो.

धूसरपणा येतो कोठून, हे समजण्यास प्रतिमा कशी तयार होते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. भारतात अवरक्त प्रतिमेचा पिकांसाठी झालेला पहिला गाजलेला प्रयोग १९७० चा. केरळातील नारळाच्या मुळांच्या रोगाचा माग काढण्यासाठी प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्तास संवेदनशील अशा रंगीत फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली. फिल्मवरची प्रतिमा एकदम उमटते. तिचा रेखीवपणा भिंग, विमानाची थरथर आणि फिल्मचे कण यांवर अवलंबून असतो. १९७२ साली सुटलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाने वेगळा मार्ग धरला. त्यातील आरसा डावी-उजवीकडे झुलत असे आणि थोडेसे संवेदक भूपृष्ठ ओळीओळीने झाडून घेत. झुलत्या आरशाची ही पद्धत पुढेही चालू राहिली. तिचे दुखणे म्हणजे हलणारे यंत्र. ३१ मे २००३ रोजी लँडसॅट-७ मधील ओळी सरळ करणारी आरशांची जोडी बंद पडली आणि तेव्हापासून त्याच्या प्रतिमांत कडेच्या बाजूस रुंद होत जाणाऱ्या रिकाम्या पट्ट्या राहू लागल्या.

१७ मार्च १९८८ रोजी सुटलेल्या आय.आर.एस.-१ए या भारतीय उपग्रहाने आरसा टाळला. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी शोधलेल्या सी.सी.डी. या अर्धसंवाहक साधनाची एक लांब पट्टी भिंगाच्या नाभीय प्रतलात, उपग्रहाच्या गतीशी काटकोनात बसविली की पट्टीवर एका वेळी जमिनीची एक ओळ पडते; उपग्रह पुढे सरकतो तशी पुढची ओळ. झाडूने अंगण लोटावे तशी ही पद्धत आहे. आय.आर.एस.-१ए वरील पट्ट्यांत २,०४८ घटक होते आणि नमुन्यांचे अंतर एका कॅमेऱ्यात ७२.५ मीटर, तर दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्यात ३६.२५ मीटर होते. २८ डिसेंबर १९९५ च्या आय.आर.एस.-१सी मध्ये लिस-३ हा कॅमेरा आला. त्याच्या पट्टीत ६,००० घटक, लगतच्या दोन घटकांच्या मध्यांतील अंतर १० मायक्रॉन, नाभीय अंतर ३४७.५ मिलिमीटर आणि उपग्रहाची उंची ८१७ किलोमीटर. या आकड्यांवरून ताळा करून पाहता येतो : ८१७ किलोमीटर गुणिले १० मायक्रॉन, भागिले ३४७.५ मिलिमीटर, म्हणजे २३.५ मीटर, आणि ६,००० घटकांचा पट्टा १४१ किलोमीटरांचा. यवतमाळ जिल्हा पूर्व-पश्चिम १९० किलोमीटर असल्याने तो एका पट्ट्यात मावत नाही. वणी आणि उमरखेड यांच्या प्रतिमा वेगवेगळ्या दिवसांच्या असतात, हे तुलना करणाऱ्याने विसरू नये.

जमिनीवरील उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे ६.६ किलोमीटर असतो. २३.५ मीटर पुढे सरकण्यास त्याला सुमारे ३.५५ मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात प्रत्येक घटकाने प्रकाश गोळा करावयाचा, त्याचा विद्युद्भार बाजूस सारावयाचा आणि पुढच्या ओळीसाठी मोकळे व्हावयाचे. प्रकाश गोळा होत असतानाही उपग्रह थांबलेला नसतो. म्हणून गतीच्या दिशेने प्रतिमा किंचित फासटली जाते.

रेखीवपणा मोजण्याची शास्त्रशुद्ध रीत अशी आहे. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या समांतर पट्ट्या आहेत अशी कल्पना करावी. पट्ट्या फार रुंद असतील तर प्रतिमेत त्यांतील छायाभेद जसाच्या तसा उतरतो. त्या अरुंद होत गेल्या की प्रतिमेतील काळे करडे होऊ लागते आणि पांढरेही. मूळ छायाभेदाचा किती अंश प्रतिमेत उतरला, तो त्या रुंदीचा छायाभेद-गुणक म्हणावा. नमुन्यांच्या जाळीत टिपता येण्याजोग्या सर्वांत बारीक पट्ट्या म्हणजे एक काळी व एक पांढरी मिळून दोन पिक्सेल. या मर्यादेवरचा गुणक ही प्रतिमेच्या रेखीवपणाची कडक कसोटी आहे. या रीतीचा मोठा गुण असा की भिंग, संवेदक, गती, वातावरण अशा प्रत्येक दुव्याचा गुणक वेगळा काढता येतो आणि सर्वांचा गुणाकार केला की एकूण गुणक मिळतो.

चौरस घटकाची स्वतःची रुंदीच प्रथम छायाभेद खाते. घटक आपल्या साऱ्या पृष्ठावरचा प्रकाश एकत्र करतो म्हणून वरील मर्यादेवर त्याचा गुणक २ भागिले π, म्हणजे ०.६४ एवढाच येतो. कितीही उत्तम चकती बनवली तरी याहून अधिक मिळत नाही. गतीच्या दिशेने आणखी एकदा तोच ०.६४ लागतो, कारण एक ओळ गोळा होईपर्यंत प्रतिमा एक घटकभर सरकते. दोहोंचा गुणाकार ०.४१. यात भिंगाचा ०.७ आणि सिलिकॉनमधील विसरणाचा ०.७ असे केवळ उदाहरणादाखल धरले तर एकूण गुणक ०.२० वर येतो. म्हणजे धुऱ्याच्या एका बाजूस हिरवे, दुसऱ्या बाजूस पडीत अशा अरुंद पट्ट्यांतील भेदाचा पाचवा हिस्साच संगणकापर्यंत पोचतो.

यांपैकी विसरणाचा दुवा सर्वांत कमी परिचित आणि पिकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. सिलिकॉनमध्ये शिरलेला प्रकाशकण कोठे शोषला जाईल हे त्याच्या तरंगलांबीवर ठरते. ०.६५ मायक्रॉनचा तांबडा प्रकाश सरासरीने साडेतीन मायक्रॉन खोलीतच शोषला जातो. ०.८ मायक्रॉनचा निकट-अवरक्त प्रकाश सुमारे १२ मायक्रॉन खोल जातो; ०.८५ मायक्रॉनचा त्याहूनही खोल, १९ मायक्रॉनच्या आसपास. घटकाच्या विद्युत्-क्षेत्राची पकड मात्र पृष्ठाजवळच्या थोड्या जाडीपुरतीच असते. त्या पकडीत सुटलेला इलेक्ट्रॉन आपल्या घटकात सरळ ओढला जातो. पकडीखाली सुटलेल्या इलेक्ट्रॉनाला कोणी वाली नसतो. तो भटकत वर येतो आणि आपल्या घटकात पडतो किंवा शेजारच्याच्या. घटक १० मायक्रॉनांचा आणि भटकंती तेवढ्याच लांबीची, म्हणजे शेजारी भरकटणाऱ्यांचे प्रमाण नगण्य नाही. परिणाम असा की एकाच भिंगातून, एकाच जातीच्या चकतीवर, एकाच क्षणी घेतलेल्या दोन प्रतिमांपैकी निकट-अवरक्तातील प्रतिमा तांबड्या प्रकाशातील प्रतिमेपेक्षा स्वभावतःच धूसर असते. आणि पिकाचे हिरवेपण, पानांची दाटी, सुकणे हे सारे ज्या प्रकाशात उत्तम दिसते तो नेमका निकट-अवरक्तच.

वनस्पति-निर्देशांकात या विषमतेचे परिणाम उमटतात. हा निर्देशांक म्हणजे निकट-अवरक्त व तांबड्या परावर्तनांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज. समजा, भरल्या कापसाचे निकट-अवरक्त परावर्तन ०.४५ व तांबडे ०.०५ आहे, शेजारच्या उघड्या जमिनीचे अनुक्रमे ०.२५ व ०.१८. कापसाचा निर्देशांक ०.८०, जमिनीचा ०.१६. आता धुऱ्यालगतचा, सर्वस्वी उघड्या जमिनीवर पडणारा पिक्सेल घ्यावा. दोन्ही रंगांत कापसाचा प्रकाश सारखाच, म्हणजे दहा टक्के, झिरपला तर निर्देशांक ०.२४ येतो. तांबड्यात दहा टक्के आणि निकट-अवरक्तात विसरणामुळे तीस टक्के झिरपला तर तो ०.३० होतो. जेथे एक रोपटेही नाही तेथे विरळ पीक उगवल्याचा भास निर्माण होतो. ही चूक यादृच्छिक नाही. ती नेहमी त्याच दिशेने होते, म्हणून अनेक प्रतिमांची सरासरी काढूनही ती जात नाही.

उपाय दोन ठिकाणी करता येतात : चकतीत आणि संगणकात. चकतीतील उपाय अर्थातच अधिक मूलगामी. जास्त रोध असलेले शुद्ध सिलिकॉन वापरून आणि त्याला अधिक विद्युत्-दाब देऊन क्षेत्राची पकड खोलवर नेता येते. मग भटकणारे इलेक्ट्रॉन कमी होतात. किंमत अशी की जाड पकडीत औष्णिक कारणांनी आपोआप सुटणारे इलेक्ट्रॉनही अधिक जमतात आणि चकती थंड ठेवणे भाग पडते. सुमारे १.१ मायक्रॉनांच्या पुढे सिलिकॉन प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक होते, म्हणून लघुतरंग-अवरक्तासाठी इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडसारखा वेगळा पदार्थ लागतो. अशा पदार्थाची लांब व बारीक घटकांची पट्टी बनविणे अवघड. आय.आर.एस.-१सी च्या लिस-३ मध्ये इतर पट्टे २३.५ मीटरांचे असता लघुतरंग-अवरक्ताचा पट्टा ७०.५ मीटरांचा होता याचे कारण हेच. १७ ऑक्टोबर २००३ च्या रिसोर्ससॅट-१ मध्ये तोही २३.५ मीटरांवर आला. पानांतील पाण्याचा अंश या पट्ट्यात कळतो; त्यामुळे कोरडवाहू कापसाच्या मुलखात ही सुधारणा लहान मानता येत नाही. पूर्वी ज्या एका लघुतरंग-पिक्सेलमध्ये सव्वा एकर जमीन बसे तेथे आता नऊ पिक्सेल आले.

घटक लहान केला की त्यावर पडणारा प्रकाश कमी होतो, हे दुसरे संकट. एकामागे एक अनेक ओळी ठेवून, उपग्रहाच्या वेगाशी ताल जुळवून विद्युद्भार एका ओळीतून पुढच्या ओळीत सरकवीत न्यावा आणि जमिनीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा मोजावा, ही युक्ती अतिसूक्ष्म प्रतिमा घेणाऱ्या अनेक उपग्रहांत वापरली गेली. सोळा ओळी ठेवल्या तर प्रकाश सोळापट होतो आणि प्रकाशकणांच्या संख्येत मुळातच असणारी चढउतार, म्हणजे गोंगाट, चौपटच वाढतो. मात्र ताल किंचित चुकला की प्रतिमा पुन्हा फासटते. फ्रान्सच्या स्पॉट-५ या २००२ च्या उपग्रहात वेगळी कल्पना होती : ५ मीटरांच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून अर्ध्या घटकाने सरकवून बसविल्या आणि दोहोंचे नमुने गुंफून अडीच मीटरांची प्रतिमा तयार केली. नमुने दाट झाले तरी प्रत्येक नमुना ५ मीटरांच्या घटकाचाच होता. म्हणून गुंफल्यानंतर धूसरपणा गणिताने कमी करणे हा त्या पद्धतीचा अविभाज्य भाग होता.

रिसोर्ससॅटमधील लिस-४ या ५.८ मीटरांच्या कॅमेऱ्यात आणखी एक अडचण दिसते. त्याच्या तीन रंगांच्या पट्ट्या नाभीय प्रतलात एकीमागे एक आहेत. पहिल्या व शेवटच्या पट्टीच्या दृष्टीत जमिनीवर सुमारे १४ किलोमीटर, म्हणजे दोन सेकंदांहून थोडे अधिक अंतर पडते. तेवढ्या वेळात उपग्रह सूक्ष्मसा डोलला किंवा जमिनीची उंची नीट हिशेबात घेतली गेली नाही, तर हिरवा, तांबडा आणि निकट-अवरक्त रंग एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. पुसदच्या डोंगराळ भागात हा दोष दारव्ह्याच्या सपाटीपेक्षा अधिक जाणवणे स्वाभाविक आहे. प्रत्येक रंगाची प्रतिमा रेखीव असूनही तिघींची एकत्र प्रतिमा धूसर, अशी ही विचित्र स्थिती आहे. एकराच्या शेतात या जाळीचे प्रत्येक दिशेस जवळजवळ ११ पिक्सेल बसतात. कडेची एक ओळ सर्व बाजूंनी टाकून दिली तरी साठाहून अधिक शुद्ध पिक्सेल हाती राहतात. त्यामुळे शेतागणिक मोजणीस लिस-४ पुरेसा आहे, रंगांची जुळणी तपासून घेतली तर.

आता संगणकातील उपाय. छायाभेद-गुणक माहीत असेल तर ज्या पट्ट्यांचा छायाभेद पाचव्या हिश्शावर आला आहे त्यांना पाचाने गुणावे, हा विचार सहज सुचतो. पण प्रतिमेत खऱ्या छायाभेदाबरोबर विद्युत् गोंगाटही असतो आणि तो लेन्समधून किंवा गतीतून आलेला नसल्याने त्याचा कोणताही हिस्सा कमी झालेला नसतो. पाचाने गुणले की तोही पाचपट होतो. गोंगाटाचा अंदाज घेऊन, जेथे खरा संदेश प्रबळ तेथे अधिक आणि जेथे गोंगाट प्रबळ तेथे कमी गुणणारी गाळणी नॉर्बर्ट वीनर यांच्या सिद्धांतावर आधारलेली आहे. १९७२ मध्ये रिचर्डसन आणि १९७४ मध्ये लुसी यांनी सुचविलेली, टप्प्याटप्प्याने मूळ प्रतिमेकडे सरकणारी रीत खगोलशास्त्रातून आली. कोणतीही रीत घेतली तरी मर्यादा गोंगाटच घालून देतो. म्हणूनच अवरक्त संवेदक थंड ठेवणे हे, प्रत्यक्षात धूसरपणाशी संबंध नसतानाही, रेखीवपणाचे साधन ठरते. आकड्यांच्या पायऱ्यांनाही महत्त्व आहे. आय.आर.एस.-१सी चा लिस-३ प्रकाशाच्या १२८ पायऱ्या मोजत असे. २०ी एप्रिल २०११ च्या रिसोर्ससॅट-२ चा लिस-३ १,०२४ पायऱ्या मोजू लागला. नमुन्यांचे अंतर तेच राहिले. परंतु पायऱ्या बारीक झाल्यामुळे नंतरच्या पुनःस्थापनेस अधिक वाव मिळाला.

अति गुणले की कडेच्या दोन्ही बाजूंना खोट्या रेघा उमटतात : हिरव्या शेताच्या कडेस अधिक हिरवी किनार, पडीताच्या कडेस अधिक काळी. डोळ्याला हे चित्र फार छान वाटते. छायाचित्रकाराला तेवढे पुरते. मोजणाऱ्याला पुरत नाही. कारण लहान शेतात किनारच शेताचा मोठा भाग असते. सूक्ष्म काळ्या-पांढऱ्या प्रतिमेचा रेखीवपणा जाड रंगीत प्रतिमेवर चढविण्याची पद्धत आय.आर.एस.-१सी पासून भारतात फार लोकप्रिय झाली; तिच्याबद्दलही हेच म्हणावे लागते. त्या उपग्रहाच्या ५.८ मीटरांच्या प्रतिमेत ०.७५ मायक्रॉनांपुढचा प्रकाश नव्हता. तिच्यातून रस्ता, बांध, घर यांच्या कडा मिळतात. शेतातून निकट-अवरक्त किती परतला ही माहिती तिच्यात मुळीच नसल्याने ती तिच्यातून चढविता येत नाही.

निर्देशांकासाठी अनेकदा सर्वांत विश्वसनीय मार्ग उलटाच निघतो : निकट-अवरक्ताला रेखीव करण्यापेक्षा तांबड्याला तेवढेच धूसर करावे. वरच्या उदाहरणात दोन्ही रंगांत तीस टक्के झिरपले असते तर उघड्या जमिनीच्या कडेच्या पिक्सेलचा निर्देशांक ०.३७ आला असता. आकडा मोठा दिसतो, पण तो निदान एका सरळ मिश्रणाचा आकडा आहे. त्यात कापूस किती व जमीन किती हे दोन्ही रंगांतून सारखेच निघते, आणि धुऱ्याची जागा दुसऱ्या सूक्ष्म प्रतिमेवरून ठाऊक असेल तर ते मिश्रण सोडविता येते. विषम मिश्रण सोडविता येत नाही. तांबडा एक उत्तर देतो, निकट-अवरक्त दुसरे.

औष्णिक अवरक्तात अडचण चकतीची कमी आणि प्रकाशाच्या स्वभावाची अधिक आहे. विवर्तनामुळे बिंदूची प्रतिमा एका ठिपक्याएवढी पसरते आणि त्या ठिपक्याचा आकार तरंगलांबीच्या प्रमाणात वाढतो. २०१३ च्या लँडसॅट-८ मधील औष्णिक कॅमेऱ्याचे भिंग एफ १.६४ चे, १०.९ मायक्रॉनांस ठिपक्याची त्रिज्या सुमारे २२ मायक्रॉन येते आणि घटक आहे २५ मायक्रॉनांचा. त्याच मापाच्या भिंगात तांबड्या प्रकाशाचा ठिपका १.३ मायक्रॉनांचाच पडला असता. या कॅमेऱ्याचे नमुने जमिनीवर १०० मीटरांचे. पण वापरणाऱ्यास ते इतर पट्ट्यांशी जुळावेत म्हणून ३० मीटरांच्या जाळीवर बसवून दिले जातात. वणी परिसरातील कोळशाच्या खाणींवर ही प्रतिमा पाहणाऱ्यास ३० मीटरांचा तापलेला पिक्सेल दिसला, तर तो ३० मीटरांचा तापलेला तुकडा नव्हे. शंभर मीटरांच्या एका वाचनाचे ते मधल्या जागी काढलेले अनुमान आहे. शिवाय त्या कॅमेऱ्यात दृष्टिक्षेत्राच्या बाहेरून, दूरच्या जमिनीचा प्रकाश आत येतो असे उड्डाणानंतर आढळले आणि त्यासाठी पुढे दुरुस्ती करावी लागली. धूसरपणाचे शेपूट कधी कधी शेजारच्या पिक्सेलपर्यंतच नव्हे, फार लांबपर्यंत जाते, ते असे.

एवढे सारे हिशेब ज्या गुणकावर उभे आहेत तो उड्डाणापूर्वी प्रयोगशाळेत मोजलेला असतो. कक्षेत गेल्यावर तो तसाच राहिला की नाही हे जमिनीवरील एखाद्या सरळ, ठळक कडेवरून तपासता येते. कड नमुन्यांच्या जाळीला किंचित तिरपी हवी. मग ओळीगणिक ती पिक्सेलच्या वेगवेगळ्या भागांतून जाते आणि अनेक ओळी एकत्र केल्या की पिक्सेलहून बारीक अंतराने प्रकाशाचा उतार मिळतो. त्या उतारावरून गुणक काढणे हे नंतरचे सोपे काम. लिस-३ सारखे उपग्रह विषुववृत्ताकडे उतरताना या अक्षांशांत उत्तर-दक्षिण रेषेशी दहा अंशांहून थोडा अधिक कोन करतात. म्हणून यवतमाळमध्ये ठीक उत्तर-दक्षिण असलेली कोणतीही कड आपोआप हवी तेवढी तिरपी पडते. निकट-अवरक्तात पाणी जवळजवळ काळे दिसत असल्याने जलाशयाची कड प्रथम आठवते. पण पूस, अरुणावती, बेंबळा अथवा पैनगंगेवरील इसापूर या जलाशयांचा नैसर्गिक काठ यास निरुपयोगी आहे. पाणी उतरताना गाळाचा ओला पट्टा मागे राहतो आणि कड मुळातच धूसर असते. धरणाच्या बांधाची पाण्याकडची बाजू, जेथे दगडी अस्तर सरळ पाण्यात उतरते, तेवढीच घ्यावी. तीही मूळ, जाळी न बदललेल्या प्रतिमेवर, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या स्वच्छ दिवशी. कापूस तेव्हा बोंडांवर आलेला असतो, आणि ज्या मोजमापाचा खरेपणा तपासावयाचा ते मोजमापही त्याच प्रतिमेतून घ्यावयाचे असते.